चाकांत हवा किती असावी?

नीतिविषयक लेखाचा विषय म्हणून मोटारीच्या चाकांतील हवा निवडलेली पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल, व तें येणें स्वाभाविक आहे. सत्य, दान, शील, क्षमा हे विषय ज्या पंक्तीस बसतात त्या पंक्तीस रबराचा टायर आणि पंपाचा कांटा आणून बसविणें हें अनेकांस औचित्याला सोडून वाटेल. परंतु आमची समजूत अशी आहे कीं, नीतीचे पुष्कळसे प्रश्न मोठ्या शब्दांच्या आड दिसेनासे होतात आणि लहान वस्तूंत मात्र स्वच्छ दिसतात. योग्य प्रमाण म्हणजे काय, तें कोणीं ठरवावें, ठरलेलें प्रमाण सोडण्याचा अधिकार केव्हां पोहोंचतो, आणि तें सोडल्यानें होणारी हानि कोणाच्या अंगावर पडते, हे प्रश्न तत्त्वज्ञाच्या खोलींत वर्षानुवर्षें पडून राहतात. डांबरी रस्ता सोडून वाळूंत किंवा चिखलांत गाडी घालणाऱ्या मनुष्यापुढें मात्र ते अर्ध्या तासांत हात जोडून उभे राहतात आणि उत्तर घेतल्याशिवाय हलत नाहींत.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यांतील दोन तालुके या विचारासाठीं जितके सोईचे आहेत तितका दुसरा प्रदेश आमच्या पाहण्यांत नाहीं. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीं हे दोन्ही ठाणें जिल्ह्यांत मोडत असत. पश्चिमेस डहाणूपासून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा सपाट किनारा लांबच लांब पसरलेला. त्याच्या कांठीं सुरूचीं झाडें. खाड्यांच्या तोंडाशीं खाजणाचा गाळ. मागें चिकूच्या वाड्या. त्यांच्याही मागें लोहमार्ग. मग चढउतारांचा मुरमाड मुलूख, भातखाचरें आणि ताडाचीं झाडें. आणि या सर्वांस उभा छेद देत चारोटीवरून तलासरीकडे व पुढें अच्छाडजवळ गुजरातच्या हद्दीकडे जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. थोडक्या अंतरांत मनुष्य कोरडी वाळू, ओली वाळू, गाळ, मुरूम, दगड आणि गुळगुळीत डांबर अशा सहा जातींची जमीन ओलांडतो. एका सकाळीं इतक्या प्रकारची भूमि पायांखालीं आल्यावर 'हवा किती असावी?' या प्रश्नास एकच उत्तर देणारा मनुष्य फार धाडसी म्हटला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. गाडीचें ओझें टायराचें रबर फारसें उचलीत नाहीं. मुख्य भार तोलून धरते ती आंत कोंडलेली हवा. एका चाकावर सुमारें हजार पौंड, म्हणजे साडेचारशें किलोंच्या आसपास, भार असेल आणि आंतील दाब दर चौरस इंचास ३० पौंड असेल, तर तें ओझें तोलण्यासाठीं सुमारें ३३ चौरस इंच रबर जमिनीस टेकावें लागतें. दाब १५ वर आणला कीं तेंच ओझें ६६ चौरस इंचांवर पसरतें. रबराच्या स्वतःच्या ताठपणामुळें प्रत्यक्षांत हा हिशेब इतका चोख उतरत नाहीं, तथापि त्याची दिशा खरी आहे. हवा कमी केल्यानें टायर रुंद पसरतो अशी सामान्य समजूत असते. तो थोडा रुंद होतो हें खरें, पण त्याचा ठसा वाढतो तो मुख्यतः लांबीनें. उंटाच्या पावलापेक्षां बैलगाडीच्या वाटेवर पडलेल्या लांबट सावलीची उपमा त्यास अधिक शोभेल.

यांतून निघणारी एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. चाक जमिनीस ज्या जोरानें दाबतें तो जोर जवळजवळ त्याच्या आंतल्या दाबाइतकाच असतो. जितकें आपण आंतून ताठ, तितकाच आपला भार दुसऱ्यास कठीण. दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या माणसाखालीं जमिनीवर चौरस इंचास दोन-तीन पौंडांचा भार पडतो. मोटारीच्या चाकाखालीं तीस पौंडांचा. म्हणूनच जेथून एखादी कोळीण डोक्यावर भरली टोपली घेऊन सहज निघून जाते, तेथें शहरांतून आलेली भारी गाडी चार हातांवर पोटापर्यंत रुतते. आणि आंतील मंडळी मोठ्या आश्चर्यानें म्हणतात, 'पण माणसें तर चालत होतीं!'

आपल्याकडील बैलगाडीच्या लांकडी चाकास लोखंडी धांव असे. ती धांव वांकत नाहीं, दबत नाहीं. तिच्याखालीं जें येईल त्यानेंच वांकावें हा तिचा स्वभाव. सड्यावर ती निभावते, पण रेतींत बैलांचा जीव घेते. इ. स. १८४५ मध्यें रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें हवेनें भरलेल्या धांवेचा पेटंट घेतला. तो विस्मृतींत गेला, आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच युक्ति नव्यानें शोधून काढली. डनलॉपचा उद्देश मुलास हादरे बसूं नयेत एवढाच होता. त्या वस्तूंत आणखी एक गुण लपलेला आहे, म्हणजे तिचा कठीणपणा आपल्या इच्छेप्रमाणें कमीजास्त करतां येतो, हें लक्षांत येऊन त्याचा पद्धतशीर उपयोग व्हावयास कांहीं काळ जावा लागला. राल्फ बॅग्नोल्ड नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चवथ्या दशकांत लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन प्रवास केले, व चाकांतील हवा कमी करून ज्या वाळूच्या टेकड्या मोटारीस अगम्य समजल्या जात त्या ओलांडून दाखविल्या. पुढें १९४१ मध्यें त्यानें उडत्या वाळूच्या पदार्थविज्ञानावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो त्या विषयांत आजही आधारभूत मानला जातो. वाळू ओलांडावयाची तर आधीं वाळूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो, हें त्या गृहस्थाच्या आयुष्यावरून स्पष्ट दिसतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. प्रत्येक गाडीवर, बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर, एक पट्टी चिकटविलेली असते व तिच्यावर दाबाचा आंकडा छापलेला असतो. अशा गाड्यांच्या बाबतींत तो साधारणपणें तिशीच्या आसपासचा असतो. या आंकड्याविषयीं दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचें म्हणणें, ज्यानें गाडी बनविली त्यास तिची प्रकृति आपणांपेक्षां अधिक ठाऊक. त्यानें सांगितलेलें प्रमाण हेंच प्रमाण. त्याच्या बाहेर जाणें म्हणजे स्वैराचार. दुसरा पक्ष म्हणतो, आंकडे कारखान्यांत छापले जातात व गाडी रानांत चालते. खरा जाणता तोच, जो टायरास लाथ मारून हवा ओळखतो. या दुसऱ्या पक्षांतील किती थोर पुरुष लाथ मारून वीस आणि तीस यांतील भेद खरोखर ओळखूं शकतात याविषयीं आम्हांस दाट संशय आहे. आजकालच्या टायरांच्या बाजू इतक्या ताठ असतात कीं निम्मी हवा गेली तरी ते शिष्टासारखे उभे राहतात. पांचपन्नास रुपयांचें गेज खोटें बोलतें, पण बुटाचें टोंक त्याहून अधिक खोटें बोलतें.

तथापि पहिला पक्षही पट्टी नीट वाचीत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. त्या पट्टीवर रिकाम्या गाडीचा आंकडा निराळा व भरल्या गाडीचा निराळा असा भेद पुष्कळदां केलेला असतो. शिवाय तो आंकडा थंड टायराचा असतो. उन्हांत धांवून आलेल्या टायरांतील दाब तीन-चार पौंडांनीं सहज चढतो, आणि तो चढलेला पाहून जो मनुष्य घाईनें हवा सोडतो त्याचा टायर संध्याकाळीं निवाल्यावर उणा पडतो. म्हणजे छापील नियमाच्या पोटांतही 'अमुक भार असतां, अमुक वेगानें, पक्क्या रस्त्यावर, टायर थंड असतां' अशा अटी दडलेल्या आहेत. नियम पाळणारा बहुधा आंकडा पाळतो आणि अटी विसरतो. धर्मशास्त्राच्या बाबतींतही आपल्या समाजानें हेंच केलें असें कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

मग उत्तर मध्यम मार्गांत आहे काय? बुद्धचरितांतील सोण नांवाच्या भिक्षूची कथा अनेकांस ठाऊक असेल. अतिरिक्त साधनेनें त्याचे पाय रक्तबंबाळ झाले व तो निराश झाला. तेव्हां तो पूर्वीं वीणा वाजवीत असे हें जाणून बुद्धानें त्यास विचारलें कीं, तारा फार ताणल्या असतां वीणा वाजत असे काय, आणि फार सैल असतां वाजत असे काय. गीतेंतही आहारविहार, झोंप व जागरण यांच्या 'युक्त' प्रमाणाचा उपदेश आहे. परंतु मध्य म्हणजे दोन टोंकांच्या बरोबर मधला आंकडा अशी जी भाबडी समजूत आपण करून घेतों तिचें निरसन ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत एका पहिलवानाच्या उदाहरणानें केलें आहे. दहा मापें अन्न अति आणि दोन अल्प ठरलें म्हणून सहा मापें सर्वांस योग्य होत नाहींत. मिलो नांवाच्या मल्लास तीं थोडीं पडतील व नवशिक्यास फार होतील. हें चाकास तंतोतंत लागू पडतें. ३२ हा आंकडा महामार्गासाठीं आणि १६ हा वाळूसाठीं, म्हणून दोहोंच्या मध्यें २४ ठेवून जो मनुष्य सर्वत्र हिंडूं पाहतो त्याची गाडी वाळूंतही रुतते आणि महामार्गावरही टायर तापवते. अशा मध्यमपणाला कोणी समतोल म्हणो. आम्हांस तो निव्वळ आळस वाटतो.

वाळूचेंच पाहा. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं समुद्र फार दूर हटतो आणि ओली, दबलेली वाळू उघडी पडते. ती बऱ्याच ठिकाणीं इतकी घट्ट असते कीं तीवरून सायकली धांवतात. पण त्या घट्ट वाळूपर्यंत पोहोंचण्यास आधीं भरतीच्या रेषेवरची कोरडी, भुसभुशीत पट्टी ओलांडावी लागते, आणि फसवणूक होते ती तेथें. अशा कोरड्या वाळूसाठीं जाणते लोक दाब १५ ते १८ पौंडांवर आणतात. रुतल्यास आणखी थोडा उतरवितात. त्याहून खालीं गेल्यास वळण घेतांना टायराची कड लोखंडी रिंगेवरून सुटण्याची भीति असते, म्हणून वेग थोडा व वळणें मोठीं ठेवावीं लागतात. रुतलेल्या गाडीचा चालक मात्र नेमकें उलट करतो. तो जोर वाढवितो. चाक जागच्या जागीं फिरूं लागतें, स्वतःखालची वाळू उपसून मागें फेंकतें आणि स्वतःचीच कबर खणतें. इकडे भरती आपल्या वेळापत्रकाप्रमाणें येत असते. तिला कोणाच्या इंजिनाची अश्वशक्ति ठाऊक नसते.

तलासरीकडील आंतल्या वाटांची गोष्ट निराळी. मुरमाच्या व दगडांच्या रस्त्यावर थोडी हवा कमी केली तर हादरे मऊ होतात, दगडावर रबर बसतें, पकड वाढते. पण फार कमी केली तर टायराची बाजू फुगून बाहेर येते, आणि टायराचें सर्वांत नाजूक अंग तेंच. काळ्या दगडाची एखादी धारदार कपार ती बाजू कापून टाकते, व तळव्याला पडलेलें भोंक बुजवितां येतें तसा तो काप बुजवितां येत नाहीं. म्हणून तेथें पंचविशीच्या आसपासचा दाब पुष्कळांस मानवतो. पावसाळ्यांतील चिखलाविषयीं तर आंकडा सांगणेंच अवघड आहे. चिखलाच्या वीतभर थराखालीं कठीण मुरूम असेल तर अरुंद व ताठ चाक तो थर कापून तळास जाऊन भिडतें, आणि तेथें हवा कमी करणें हाच प्रमाद ठरतो. तळच लागत नसेल तर पसरट, मऊ चाकच तरंगूं शकतें. वरून पाहणाऱ्यास दोन्ही चिखल सारखेच तांबडे-काळे दिसतात. भेद कळावयाचा तर गाडींतून खालीं उतरावें लागतें, काठी खुपसून पाहावें लागतें, आणि सर्वांत उत्तम म्हणजे शेतावर असलेल्या माणसास 'दादा, पुढें जमीन कशी आहे?' असें विचारावें लागतें. लक्ष रुपयांची गाडी चालविणारा मनुष्य हा प्रश्न विचारावयास जितका लाजतो तितका आपला दाखला मागावयास कचेरींतही लाजत नसेल.

हा सर्व भाग कसबाचा झाला. नीतीचा प्रश्न खरा सुरू होतो तो वाळू संपल्यावर.

चाकांतील हवा सोडण्यास चार मिनिटें पुरतात. झडपेची टोपी काढावी, खिळ्याच्या टोंकानें दांडी दाबावी, फुस्स आवाज ऐकावा; श्रम नाहीं, खर्च नाहीं, उलट कांहींसा खेळकर आनंद आहे. तीच हवा पुन्हां भरावयाची तर पायपंपानें शेंकडों दणके द्यावे लागतात, किंवा गाडीच्या बॅटरीवरील लहानसा पंप घेऊन अर्धा तास उन्हांत उभें राहावें लागतें, किंवा पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश, अगदीं सावकाश जावें लागतें. सैलपणा घेणें आणि तो परत फेडणें यांत श्रमाचें हें जें अंतर आहे त्यांतच मनुष्याची परीक्षा होते. वाळूंत हवा सोडणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. ती न सोडणारा हट्टी आहे. पण ज्या क्षणीं त्यानें ती सोडली त्या क्षणीं त्यानें एक ऋण घेतलें, आणि त्या ऋणाची मुदत डांबर लागतांच संपते.

ती मुदत चुकविल्यास काय होतें? कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यांत चेपतो आणि पुन्हां फुगतो. वेग वाढला कीं हें चेपणें-फुगणें मिनिटास शेंकडों वेळां होतें, त्यांत खर्च झालेली शक्ति उष्णतेच्या रूपानें रबरांत सांठते, आंतील थर एकमेकांपासून सुटूं लागतात, आणि टायर फुटतो. तो फुटतो तो वाळूंत नव्हे, कारण तेथें वेग नसतो. तो फुटतो तलासरी आणि चारोटी यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, दोन्ही बाजूंस मालमोटारी धांवत असतांना. महामार्गाच्या कडेनें शाळेंतून परतणाऱ्या मुली, सायकलवरून लांकडाची मोळी नेणारा म्हातारा, दुचाकीवरचें कुटुंब, यांपैकीं कोणीही समुद्रावरच्या त्या मौजेंत सामील नसतें. वाळूंत हवा सोडली नाहीं तर तोटा आपला. डांबरावर भरली नाहीं तर तोटा दुसऱ्याचाही. आणि मनुष्यस्वभाव असा कीं, जेथें आपली गाडी अडते तेथें त्यास हवेची आठवण तात्काळ होते, आणि जेथें दुसऱ्याच्या जीवाशीं गांठ असते तेथें 'दहा किलोमीटरांनीं काय होतें?' असें तो म्हणतो. नियमाला अपवाद करण्याचा अधिकार आम्ही मान्य करतों. परंतु अपवाद संपला हें ओळखून निमूटपणें नियमाकडे परत येण्याचे श्रम जो घेत नाहीं, त्याला तो अधिकार मुळांतच नव्हता असें आमचें मत आहे.

कोणी म्हणेल, एवढी कठोर भाषा कशास? चूक झाली, गाडी रुतली, तर लोक येतात, ढकलतात, हंसतखेळत प्रसंग निभावतो. लोक येतात हें खरें आहे. या दोन तालुक्यांत रुतलेल्या गाडीभोंवतीं थोड्याच वेळांत माणसें जमतात. कोणी झावळ्या आणतो, कोणी चाकाखालीं दगड देतो, आणि सगळे मिळून खांदा लावतात. या माणुसकीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण हे खांदे कोणाचे आहेत, याचा क्षणभर विचार व्हावा. तलासरी तालुक्यांतील झरी हें गांव पूर्वीं उंबरगांव तालुक्यांत होतें. तेथें मे १९४५ मध्यें हजारों वारली स्त्रीपुरुष एकत्र जमले आणि यापुढें जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबणार नाहीं असा निश्चय त्यांनीं केला. शामराव व गोदावरी परुळेकर या दांपत्यानें किसान सभेच्या वतीनें त्या चळवळीस वळण दिलें, आणि गोदावरीबाईंनीं पुढें 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत तो सर्व वृत्तांत लिहून ठेविला. लग्नासाठीं काढलेल्या थोडक्या कर्जापायीं नवराबायकोनें जन्मभर मालकाकडे राबावें, अशा माणसास लग्नगडी म्हणत. हांक मारली कीं यावयाचें, सांगितलें तें उचलावयाचें, मोबदला मागावयाचा नाहीं, ही त्या काळची रीत होती. आणि ती मोडण्यासाठीं त्या लोकांनीं लाठ्या, तुरुंग व गोळ्या सोसल्या.

रुतलेली गाडी ढकलणें ही वेठ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मागितलेली मदत आणि लादलेली सेवा यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि अडलेल्यास हात देण्याचा आनंद देणाऱ्याचाही असतो. आमचा आक्षेप निराळ्या गोष्टीस आहे. 'रुतलों तर कोणीतरी येईलच' हा जो हिशेब निघण्यापूर्वींच मनांत धरलेला असतो, आणि ज्याच्या भरवंशावर हवा तपासण्याचे चार क्षणही वाचविले जातात, त्या हिशेबांत दुसऱ्याचा खांदा आपल्या सामानाच्या यादींत धरलेला असतो. दोर, फावडें, पंप, आणि खांदे. पहिल्या तीन वस्तूंस पैसे पडतात म्हणून त्या घरीं राहतात. ज्या मुलखांतील लोकांनीं आपला खांदा आपलाच आहे हें इतकी किंमत देऊन सिद्ध केलें, त्या मुलखांत तरी तो गृहीत धरूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि धरावाच लागला तर काम झाल्यावर कांच वर करून धूळ उडवीत निघून जाऊं नये.

यंत्रविद्येनें या अडचणींतून मार्ग काढण्याचा यत्न केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें पाण्यांत तरणारी व जमिनीवर धांवणारी 'डक' नांवाची मोटार बनविली. तिच्या चालकास बसल्या जागेवरून, गाडी चालूं असतांनाच, चाकांतील हवा कमीजास्त करतां येई. १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पाण्यांतून वाळूवर आणि वाळूवरून रस्त्यावर जातांना या सोयीचा फार उपयोग झाला. आज पुष्कळ गाड्यांत दाब उतरला कीं समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागतो. अशी सोय सर्व गाड्यांस मिळाली तर ऋण आणि फेड यांतील श्रमाचें अंतर नाहींसें होईल, आणि वर जें आम्हीं लिहिलें त्यांतील निम्मा भाग निरुपयोगी होईल, होवो. दिवा टायराविषयीं सांगतो, जमिनीविषयीं कांहीं सांगत नाहीं. आंत किती हवा आहे हें यंत्रास कळेल; या चिखलास तळ आहे कीं नाहीं, ही भातखाचराची मेर आहे कीं वाट आहे, हें त्यास कळत नाहीं.

आणि शेवटीं एक प्रश्न असा राहतो कीं ज्यास कोणत्याही आंकड्यानें उत्तर देतां येत नाहीं. केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला, आणि पुढें १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें त्यासाठीं एक स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झालें. 'नाजूक' हा शब्द येथें चाकाच्या दृष्टीनें वाचून पाहावा. किनाऱ्यावरची ओली वाळू आपल्यास मोकळें मैदान वाटते, पण तिच्या वरच्याच थरांत खेंकड्यांचीं बिळें असतात. भरतीच्या रेषेजवळ पक्षी चरत असतात. कोळीवाड्यांच्या समोर बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगलेले असतात, आणि खालीं बारीक मासळी पसरून ठेवलेली असते. दाब ३० वरून १६ वर आणल्यानें आपली गाडी रुतत नाहीं. पण अर्ध्या दाबाचें चाक दुप्पट जागा व्यापतें, आणि खेंकड्याच्या दृष्टीनें सोळा पौंड हे तीस पौंडांइतकेच प्राणघातक असतात. जी भूमि आपला भार कोणत्याच प्रमाणांत सोसूं शकत नाहीं, तिच्यापुढें योग्य प्रमाणाची चर्चा ही केवळ आपल्या सोईची चर्चा होते. त्या ठिकाणीं गाडी सुरूच्या झाडांअलीकडे रस्त्याच्या कडेस उभी करावी लागते, हवा होती तितकीच राहूं द्यावी लागते, आणि पायीं निघावें लागतें. बोर्डीस ओहोटी पुरी असली तर पाण्यापर्यंतचें हें चालणें बरेंच लांबतें, आणि बरोबर वृद्ध मंडळी असल्यास मध्यें दोनदां थांबावें लागतें.